फिरंग, अनुक्रमांक एकशे बेचाळीस

जुन्या रजिस्टरात तिची नोंद मोडीत आहे.
शाई फिकट, अक्षर फर्डं, कारकुनाचं नाव नाही:
"विलायती फिरंग एक. लांबी हात साडेतीन.
कंपूतले साहेबांनी गंजिफांचे डावात घालविली.
साहेब म्हणतो, त्याचे मुलखातील पुराण्या वीराची आहे.
खरेखोटे साहेब जाणे."

शेवटची ओळ मी दोनदा वाचते.
लष्करात तेव्हाही कुणीतरी होतं
माझ्यासारखं पगारी, दुपारचं पेंगुळलेलं,
टाक झटकून एवढं लिहून जेवायला गेलेलं.

पण जेवून परत आला असावा,
कारण समासात, तिरपी, दाटीवाटीनं
साहेबाची गोष्ट उतरवून ठेवली आहे:

थंड मुलूख. बोडके डोंगर, मेंढरं, भुरभुर पाऊस.
राजा परका. हा लहानशा जमीनदाराचा मुलगा,
ताडासारखा, बसला तरी उभा वाटायचा.
लाकडी पुलावर यानं फौज गाठली,
अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे, मध्ये नदी.
त्या दिवशी मेला तो खजिनदार, लठ्ठ, वसुलीचा.
त्याचं कातडं सोलून पट्टा केला, म्यान केलं,
उरलं ते मुठीला गुंडाळलं.
इथे कारकुनानं लिहिलंय, "शिव शिव."

पुढे तो धरला गेला. फितुरीनं.
हा शब्द लिहिताना टाक कुठेच अडखळलेला नाही.
परक्या राजधानीत त्याचे चार तुकडे केले
आणि चार गावांना पाठवले.

खंडेनवमीच्या आठ दिवस आधी अजमतभाई येतात,
हजिऱ्याहून सायकलवर. पिशवीत
विटेची पूड, गोडं तेल, जुन्या धोतराच्या चिंध्या.
पिढ्यान्‌पिढ्यांचे शिकलगार; आता कात्र्या, सुऱ्या,
आणि नवरदेवांच्या भाड्याच्या तलवारी.

मूठ नाकाशी नेतात. "ये तो बकरी है, बाई."
हसतात. मग हसायचे थांबतात.
पातं खिडकीकडे तिरकं धरून
नखानं दाखवतात: इथे एक सांधा.
इथे, वीतभर खाली, दुसरा.
तीन वेगळी लोखंडं, तीन वेगळ्या भट्ट्या.
मधलं सगळ्यात म्हातारं. टोक तर कालपरवाचं.
कुणा लोहारानं तापवून, ठोकून एक केलेली.

"मग त्याची यातली कुठली?"
अजमतभाई तेल लावत राहतात.

ऐकते की तिकडेही एक आहे,
टेकडीवरच्या मनोऱ्यात, काचेआड,
लोक तिकीट काढून पाहतात.
तीही म्हणे जोडलेली, तिचीही मूठ बदललेली.
दोन्ही त्याच्या असणार नाहीत.
दोन्ही त्याच्या नसतील, हे जास्त जमतं.

साहेबाला ठाऊक असेल का?
सहा महिन्यांच्या बोटीपल्याड घर,
ग्वाल्हेरचा मे, लू दारं बडवतेय,
हातात गोल गोल पानं, समोर जिंकणारे,
आणि डावावर लावायला उरलेलं काय,
तर गावाकडची एक गोष्ट.
ती त्यानं तलवारीपेक्षा हातभर लांब केली असेल.
मीही केली असती.

नव्या रजिस्टरात रकाना आहे: अस्सल, नक्कल.
एकावर खूण करायची.
किल्ल्याच्या भिंतीवरून ऊन खाली सरकतं,
दाल बाजारात कुणीतरी पोती मोजतं, अठरा, एकोणीस,
मी पेनचं टोपण लावते, काढते.
त्या माणसाचे चार कुणी जोडले नाहीत.
हिचे तीन कुणी जोडले,
कशासाठी, किती मजुरी घेऊन,
त्याची नोंद कुठेच नाही.

नवमीला सगळी हत्यारं सतरंजीवर ओळीनं:
दांडपट्टा, कट्यारी, बिचवे, ऑफिसचा टाइपरायटर,
आणि ही, ओळीबाहेर पाय पसरलेली.
मालनबाई झेंडू वाहत, कुंकू लावत येतात,
हिच्यापाशी करंगळीशेजारचं बोट हवेतच थांबतं.
"हिची मूठ म्हणे माणसाच्या..."

"लावा," मी म्हणते,
"बकरीची आहे."